दीड हाताचं वारूळ

माझ्या थापा दुपारपर्यंत टिकत नाहीत, हे आमच्या गावात कुणीही सांगेल. पण एक थाप मी अशी मारली की ती चांगली तीस वर्षं टिकली. ती मोडायला निघाली माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीची पोरगी, आरोही. छत्री उलटी धरून कोळी पकडणारी पोरगी ती, तिच्यापुढं माझं काय चालणार?

थाप कशी जन्मली ते आधी सांगतो. भूकंपानंतर आमचं गाव जुन्या जागेवरून उठून सास्तूरच्या रस्त्याला अडीच किलोमीटर अलीकडं आलं. रांगेत घरं, सरळ रस्ते, शाळा, टाकी, सगळं मिळालं. वारूळ तेवढं मिळालं नाही. नकाशा काढणाऱ्या साहेबाला कुणी सांगितलंच नव्हतं की नागपंचमीला बायकांना पुजायला वारूळ लागतं. जुन्या गावठाणात एक होतं, पण तिकडं पाय टाकायला कुणी बाई तयार नव्हती. त्या ढिगाऱ्यात प्रत्येकीचं कुणी ना कुणी गेलेलं होतं.

नव्या घरातली ती पहिली पंचमी. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं. बायको सिताबाई, पाच बहिणींतली चौथी, पाठीला भाऊ नाही. आमच्याकडं पंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी उपवास धरतात, आणि जिला भाऊ नाही ती नागालाच भाऊ मानते. त्या साली पंचमी चार-पाच दिवसांवर आली तरी वारुळाचा पत्ता नाही. सिता लाह्यांचं सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "आता भावाला कुठं हुडकू?" आणि जी रडायला लागली, ती थांबेना.

मी चोवीस वर्षांचा होतो. बायकोचं रडणं थांबवायचं म्हणजे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. माती उचलणं तेवढं ठाऊक होतं. मी आणि माझा दोस्त वैजनाथ, आम्ही दोघांनी सलग दोन संध्याकाळी ओढ्याकाठच्या कडुलिंबाखाली माती वाहिली. माती, शेण, भुसा, पाणी, सगळं कालवून छातीएवढा ढीग केला, त्याला वर तीन शेंडे काढले आणि पहारीनं भोकं पाडली.

"अजून एक पाड," वैजनाथ म्हणाला, "हवा खेळती ऱ्हाईल."

"नाग काय भाड्यानं ऱ्हायला यायलाय का?" मी म्हणालो. पण पाडलं.

दोन दिवसांत श्रावणातल्या उन्हानं माती वाळली. पंचमीच्या आदल्या दिवशी मी गावात येऊन पारावर सांगितलं, की ओढ्याकाठी वारूळ उठलंय आणि एवढ्या रुंद फण्याचा नाग आत जाताना मी या डोळ्यांनी बघितलाय. कुणी एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका नटूनथटून निघाल्या. सितानं लाह्या वाहिल्या, ती हसली आणि माझं काम झालं. पुढं दर पंचमीला लोक मला नागाची हकीगत विचारायचे आणि दर पंचमीला मी फणा जरासा रुंद करायचो. पावसानं ढीग खचला की गुपचूप जाऊन त्याला बाहेरून शेणमाती लिंपायचो. आता तो सुपाएवढा झाला आहे.

तर आरोही. धाराशिवला कॉलेजात प्राण्यांचं शिकते. एका गावाच्या शिवारात साप, कोळी, विंचू, किडे, काय काय आहे त्याची वही करायची, असं तिला काम दिलेलं. तिनं मावशीचं गाव निवडलं आणि पंचमीला सहा दिवस असताना पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन आली.

पहिल्या दिवशीच तिनं माझी छत्री नेली. बांधावरच्या तरवडाच्या झुडपाखाली उलटी धरली आणि वरून काठीनं झुडूप बडवायला लागली. छत्रीत पानं, काड्या आणि कोळ्यांचा पाऊस. हिरवे, काळे, एक तर पाठीवर डोळे काढल्यासारखा. पोरगी त्यांच्यावर वाकून नावं घ्यायला लागली. मी चार पावलं मागं सरकलो. खरं सांगायचं तर मला या जातीतलं काहीच सोसत नाही. न्हाणीत पाल असली तर मी ओढ्यावर अंघोळ करून येतो.

"काका, तुम्ही भिताव का?" तिनं विचारलं.

"भिऊ कशाला? त्येला जागा देतोय," मी म्हणालो.

तरीही मी तिच्याबरोबर फिरत राहिलो, कारण ती वारुळाकडं वळली तर तिला दुसरीकडं वळवणारा कुणीतरी पाहिजे होता. तीन दिवसांत तिनं शिवार उलथंपालथं केलं. दगड उचलला की खाली विंचू. ती दगड जसा होता तसा परत ठेवायची, म्हणायची, "त्याचं छप्पर आहे ते." विहिरीत तिला दिवड सापडली, कडब्याच्या गंजीखाली धामण, शाळेच्या भिंतीत कवड्या, सोयाबीनमधे गवत्या. सापाची मावशी म्हणतात ती चकचकीत सापसुरळी तर तिनं तळहातावर घेऊन माझ्या नाकासमोर धरली. मी म्हणालो छान आहे. माझा आवाज जरा बारीक निघाला.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "काका, बाकी सगळं झालं. नाग तेवढा राहिला. गावात ज्याला विचारावं तो म्हणतोय वारुळात आहे, श्रीमंतकाकांनी, म्हणजे तुम्ही, बघितलाय. आज वारुळाला जाऊ."

सिता चुलीजवळून म्हणाली, "व्हय, घिऊन जावा की तिला. तिच्या वहीत माज्या भावाचं नाव आलं पायजे. न्हायतर कसली वही ती?"

मी कोंडीत सापडलो. आणि कोंडीत सापडलो की माझ्या तोंडून थाप निघते, हा माझा जुना आजार. मी म्हणालो, "आता न्हाय जाता येत. पंचमीच्या आदी पाच दिस वारुळाच्या वाऱ्याला उभं ऱ्हायचं नसतंय. त्येचं कात टाकायचं दिस असत्यात."

"अशी चाल आहे?" आरोहीनं वही काढली.

"जुनी हाय. आता कुणी पाळत न्हाय."

बाहेर ओट्यावर लक्ष्मम्मा बसली होती. कर्नाटकातून लग्न होऊन आलेली, सत्तरीची, गावातल्या सगळ्या चालीरीतींची मालकीण. तिला ठाऊक नसलेली चाल गावात असणं तिला परवडण्यासारखं नव्हतं. ती लगेच म्हणाली, "पाच न्हाय, सात दिस. आमची सासू सात पाळायची. त्या सात दिसांत तिकडं शेरडूसुदिक सोडायची न्हाय."

दुपारपर्यंत ही चाल गावभर झाली. संध्याकाळपर्यंत ती मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट फिरायला लागली, वर लिहिलेलं, आपली परंपरा विसरू नका. आणि लक्ष्मम्मा स्वतः घोंगडी घेऊन वारुळापासून पन्नास पावलांवर राखणीला बसली.

मला दोन दिवस मिळाले. ते कसे वापरायचे यावर मी आणि वैजनाथनं त्याच्या गोठ्यात बसून खल केला. वैजनाथ माझ्यापेक्षा शहाणा आहे, निदान त्याचा तसा समज आहे.

"जित्ता नाग आणून सोडू," तो म्हणाला.

"तू धर."

"म्या कशाला? थाप तुजी हाय."

शेवटी ठरलं की नाग नको, नागाची कात आणायची. वारुळाच्या तोंडात कात दिसली की पोरगी वहीत लिहील, सिता खूश होईल आणि कुणाला जित्त्या नागाशी बोलावं लागणार नाही. कात मिळायची तर जुन्या गावठाणात. तिथं खरं वारूळ होतं आणि माणसांनी सोडलेल्या भिंतींत सापांनी संसार मांडलेले.

गेलो. पंचावन्न वर्षांचे दोन बाप्ये, पायात गमबूट, हातात काठ्या. गावठाणात बाभळी आणि बोरी माजलेल्या. मी आरोहीसारखं दगड उचलायला गेलो आणि पहिल्याच दगडाखालून एक घोण निघाली, वीतभर लांब, पायांची गर्दी. मी कधी वैजनाथच्या पाठीवर चढलो ते मलाच कळलं नाही. तो ओरडत होता, "उतर, लेका, उतर, ती माज्या बुटावर हाय!" आम्ही दोघं बोरीत पडलो. काटे काढायला अर्धा तास गेला. काटे काढता काढताच वैजनाथला समोरच्या भिंतीच्या भेगेत पांढरं काहीतरी लोंबताना दिसलं. कात होती. चांगली पुरुषभर लांब, कुठं फाटलेली नाही. आम्ही ती काठीवर घेऊन धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि गावाला वळसा घालून आलो.

पुढची अडचण माझी मीच उभी केलेली होती. लक्ष्मम्मा जागची हलेना. जेवणसुद्धा तिची सून तिथंच घेऊन यायची. मी दोनदा ओढ्याकडून गेलो आणि दोनदा तिनं मला हाकललं. "श्रीमंता, सात दिस!" शेवटी पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी वैजनाथ तिला सांगायला गेला की तिच्या घरात म्हैस शिरलीय. ती काठी घेऊन पळाली. मी धावत जाऊन कात वरच्या भोकात अर्धी खुपसली, अर्धी बाहेर सोडली आणि अंगावर काटा घेऊन परत फिरलो.

तासाभरात बोंब झाली. कात दिसली! लक्ष्मम्मानंच बघितली आणि तिनंच फतवा काढला की भावानं कात टाकली म्हणजे दिवस संपले, आता जायला हरकत नाही. आरोही पिशवी घेऊन निघाली. मी मागं मागं, छाती फुगवून.

तिनं कात उन्हात धरली, बोट ठेवून आडवे खवले मोजले. ओठ हलत होते. मग परत मोजले.

"सतरा," ती म्हणाली. "काका, नागाला इथं मधे एकवीस तरी असतात. ही धामणीची आहे."

मी म्हणालो, "बारका नाग असंल."

तिनं पिशवीतून एक वायर काढली, तिच्या टोकाला नखाएवढा कॅमेरा आणि दिवा. मागचं टोक मोबाइलला जोडलं आणि पुढचं भोकात सोडलं. असली वस्तू जगात असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोबाइलवर आतली माती दिसायला लागली. वायर एक हात गेली, दीड हात गेली आणि थांबली. समोर भिंत. तिनं दुसऱ्या भोकात घातली. दीड हात. तिसऱ्या. दीड हात. चौथ्या भोकात, जे वैजनाथनं हवा खेळायला पाडायला लावलं होतं, तिथं एक कोळी जाळं करून बसला होता. त्याच्या मागं भिंतीवर पहारीच्या टोकाचा घाव इतका स्वच्छ दिसत होता की मी मान खाली घातली.

"काका," तिनं हळूच विचारलं, "हे वाळवीनं केलेलं न्हाई, व्हय ना?"

लक्ष्मम्मा लांब होती. मी सगळं सांगितलं. पहिल्या पंचमीचं रडणं, माती, पहार, सुपाएवढा फणा. ती पोरगी आधी हसली, मग वायर गुंडाळायला लागली.

मी म्हणालो, "वहीत नाग लिव्ह. एक नाग लिव्हला तर तुजं काय बिघडतंय?"

"खोटी नोंद मी करणार न्हाई, काका."

"मग मावशीला तरी सांगू नगं."

"मी होऊन सांगणार न्हाई. पण तिनं विचारलं तर खोटं पण बोलणार न्हाई. आणि ती विचारणार. त्यापेक्षा तुम्हीच सांगा. आजच."

सांगा म्हणे. मी संध्याकाळी तीनदा स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सिताचा उपवास होता. सकाळपासून पोटात फक्त पाणी आणि भगर, तरी गुणगुणत उद्याच्या दिंडांसाठी पुरण वाटत होती. पहिल्यांदा मी म्हणालो, "अगं ऐक," आणि काडीपेटी मागितली. दुसऱ्यांदा म्हणालो, "तुला एक सांगायचंय," आणि सांगितलं की पाऊस येईलसं वाटतंय. तिसऱ्यांदा नुसताच उभा राहिलो. ती म्हणाली, "भूक लागली असंल तर डब्यात लाह्या हायत्या." तिचा तो उपाशी, खूश चेहरा बघून मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तीस वर्षं ही बाई माझ्या मातीच्या ढिगाऱ्यासाठी उपाशी राहत आलेली. मी मूठभर लाह्या घेऊन बाहेर गेलो.

पंचमीला सकाळी सगळ्या बायका ओढ्याकाठी जमल्या. हिरव्या बांगड्या, ठेवणीतली पातळं, हातात ताटं. आरोही एका बाजूला वही घेऊन उभी, मी आणि वैजनाथ लिंबाच्या बुंध्यामागं. हळदीकुंकू झालं, लाह्या उधळल्या, दूध ठेवलं. मग लक्ष्मम्मानं सगळ्यांसमोर विचारलंच, "का गं पोरी, कात बी घावली, ती वायर बी घातलीस. आमचा भाऊ आला का तुज्या वहीत?"

सगळ्या माना आरोहीकडं वळल्या. तिनं माझ्याकडं बघितलं. मी वैजनाथकडं बघितलं. वैजनाथ केव्हाच पसार झालेला. पोरीनं तोंड उघडलं.

"वहीत साप येत्यात, लक्ष्मम्मा," सिता मधेच म्हणाली. "भाऊ येत नसतोय."

लक्ष्मम्मानं क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "ते बी खरंच," ती म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या, कुणीतरी गाणं धरलं आणि फेर सुरू झाला.

मी बुंध्याला टेकून घाम पुसत होतो तर सिता ताट घेऊन माझ्याकडंच आली. मागून आरोही.

"काल तीनदा दारात आलाव ते सांगायलाच ना?" सिता म्हणाली.

"पोरीनं सांगितलं?"

"तिनं काय सांगायचं? त्या साली चार दिस तुमच्या हाताला फोड होते. हळद कोण लावीत होतं? आन् नाग बघून आल्यालं माणूस शीळ घालत येतंय व्हय? तुमी खरा नाग बघितला असता तर दोन दिस अंथरूण सोडलं नसतं."

आरोही तोंडावर ओढणी धरून हसत होती. मला एकीकडं रडू येत होतं आणि दुसरीकडं रागही आला होता. तीस वर्षं मी फणा रुंद करत होतो आणि ही शेजारी बसून ऐकत होती!

"मग इतकी वर्षं उपास कुणासाठी धरलास?" मी विचारलं. "त्या ढिगासाठी?"

"ढिगासाठी कशाला? तुमच्यासाठी," ती म्हणाली. "बहीण रडाय लागली की धावून जायचं, हे भावाचं काम. ते तुमी केलं. मग म्या बी भावाचा उपास तुमच्याच नावानं धरला."

हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा मी ओरडलोच, "अगं पण मी नवरा हाय!"

"वटपुनवेला नवरा," सिता शांतपणे म्हणाली. "पंचमीला भाऊ. वरसातनं एक दिस चालतंय."

फेरातल्या दोन-तीन जणींनी वळून बघितलं. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो की असं चालत नसतं, धर्मात बसत नाही, लोक काय म्हणतील. ती काही ऐकत नव्हती. तिनं ताटाखालून दोरखंडाचा जाड सोल काढला, चांगला दहा-बारा हात लांब. घरून येतानाच आणलेला.

"भाऊ पंचमीला बहिणीला झोका बांधून देतो," ती म्हणाली. "माजा एकदाबी बांधल्याला न्हाय. चढा."

"या वयात?"

"माती वाहताना वय इचारलं न्हाय म्या."

मी चढलो. नवरा म्हणून चढलो की भाऊ म्हणून, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही. गुडघे कुरकुरले, सदरा फाटला, लक्ष्मम्मानं खालून विचारलं की हा माणूस वर काय करतोय, आणि आरोहीनं तिला सांगितलं की झोका बांधतोय. ते खरं होतं, म्हणून तिला सांगता आलं. आडवी जाड फांदी बघून मी सोल टाकला, दोन गाठी मारल्या आणि सगळा भार देऊन ओढून बघितला.

"बस," मी वरून म्हणालो.

सितानं पदर खोचला आणि ती बसली.